जयवंताबाईची गप्प लेकरं

जयवंताबाईच्या दाराची कडी कधी कुणी वाजवत नसे. दार नुसतं लोटलेलं असे. सकाळी येणाऱ्या बाया कडेवरच्या लेकराच्या पायानंच ते ढकलत, आत शिरत, आणि बोलायचं ते बोलता बोलता लेकरू तिच्या मांडीवर ठेवून निघूनही जात. म्हणून पौषातल्या त्या शनिवारी कडी वाजली, तेव्हा जयवंताबाईनं तव्यावरची भाकरी तशीच सोडली आणि दाराकडे बघितलं. चुलीपुढे ऊब घेत बसलेली तिची नात शालूही बघायला लागली. शालू चार वर्षांची. लेक बाळंतपणात गेली आणि ही आजीजवळ राहिली.

"कोन आहे?"

"मी, शेषराव."

"मंग कडी कायले वाजवून राहिले, मास्तर? दार तं उघडंच आहे. या आत, भाकर खा."

शेषराव आत आला नाही. मिशनचा उपदेशक तो, नगरकडून अमरावतीला आलेला. धोतरावर काळा कोट आणि बोलणं छापल्यासारखं. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, त्यावरूनच जयवंताबाईनं ओळखलं की निरोप काही बरा नाही.

"पाद्रीसाहेबांनी सांगितलंय," तो म्हणाला, "उद्यापासून सात वर्षांखालची मुलं उपासनेत आणायची नाहीत. मागच्या पडवीत बसवायची. आणि त्यांच्यापाशी तुम्ही बसायचं. मुलं तुमचंच ऐकतात."

"म्हंजे मी बी बाहीर?"

"उपासना संपेपर्यंत फक्त."

"संपल्यावर आत येऊन काय करू मंग? सतरंज्या झटकू?"

शेषरावाला हसू आलं होतं, पण कोट अंगात असताना तो हसत नसे. "मावशी, मी आपला निरोप्या," एवढं बोलून तो वळला. तोवर भाकरी एका बाजूनं काळी झाली होती. जयवंताबाईनं ती खरवडून स्वतःसाठी ठेवली.

"त्या नत्थ्यानं केलं हे सारं," ती शालूला म्हणाली. "खाल्लं तं खाल्लं, अन् वरून बोंबलला."

झालं होतं असं. मागच्या रविवारी प्रभुभोजन होतं. भाकरीच्या तुकड्यांची थाळी हातोहात रांगेतून फिरत होती, आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. थाळी शकुनपाशी आली. शकुनच्या मांडीवर तिचा नऊ महिन्यांचा नत्थू. त्यानं थाळीत हात घातला, मूठभर तुकडे उचलले आणि तोंडात कोंबले. शकुननं ते बोटानं काढायला बघितलं, तसा त्यानं असा सूर लावला की दारात उभी असलेली बाजारातली माणसं खदखदून हसली. अशी माणसं दर रविवारी दारात गोळा होतच. साहेबाचा देव कसा असतो ते बघायचं असे त्यांना. त्यातला रामराव गाडीवान तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, इथं आता पाळने टांगा." पाद्रीसाहेबांचा चेहरा लालेलाल झाला. उरलेली उपासना त्यांनी मान वर न करता उरकली.

ते दिवस कापसाचे होते. समुद्रापलीकडे कुठंतरी मोठी लढाई पेटली होती, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता, आणि विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडाची आठवण झाली होती. रेल्वे अजून यायची होती. अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागे ती नजर पोचेल तिथपर्यंत. बाजारामागच्या एका आवारात शंभर-दीडशे बाया दिवसभर कापसातली सरकी काढायची चरखी चालवत. एका हातानं लाकडी लाट फिरवायची, दुसऱ्या हातानं कापूस सारायचा. रुई पलीकडे पडते, सरकी अलीकडे. मांडीवर लेकरू घेऊन हे काम होत नाही. म्हणून आवाराच्या कडेला निंबाखाली जयवंताबाई बसे, आणि तिच्याभोवती नऊ, कधी अकरा लेकरं असत.

ती माळ्याच्या घरची. नवरा गेल्यावर मळा दिरांकडे राहिला आणि तिच्याकडे हे काम आलं. तेव्हापासून जाईल तिथं लेकरांचं लटांबर तिच्यामागे. लग्नाचा मांडव असो, देवळाचा ओटा असो, तिला बघितलं की कुणीतरी म्हणायचंच, "बाई, तेवढी पोट्टी तिकडं घेऊन बस." ती तिकडं बसायची. तिकडं बसून तिनं अनेक लग्नं फक्त ऐकली होती.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी आवार बंद होतं, पण काही बायांनी लेकरं तरीही आणून टाकली होती. उन्हाची वेळ. सावलीला म्हणून ती प्रार्थनाघराच्या पडवीत टेकली. तेव्हा इथं दुसरे पाद्री होते, म्हातारे. त्यांनी दारातून बघितलं आणि हातानंच खुणावलं, आत या. ती उठली ती निघून जायलाच. त्यांनी पुन्हा खुणावलं. मग ती पाच लेकरांसकट आत गेली आणि तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून बसली. त्या दिवशी वाचन होतं ते येशूनं लेकरं जवळ घेतली त्याचं. उपासना झाल्यावर तिनं शेषरावाला गाठलं.

"खरंच घेतली मांडीवर?"

"खरंच घेतली."

"ओली असतील तरी?"

"तसं काही लिहिलेलं नाही. पण घेतली."

"मंग असतीलच ओली," जयवंताबाई म्हणाली. "एवढी लेकरं, अन् एक बी ओलं नाई, असं होत नसते."

पुढे पाऊस सरल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला. दिरांनी येणं-जाणं तोडलं. आठवड्यातले सहा दिवस ती लेकरांमागे धावे. रविवारी तिसऱ्या रांगेत, खांबापाशी, लेकरांसकट आणि तरीही सगळ्यांबरोबर बसे. आयुष्यात मिळालेली ही एकच जागा, जिथं तिला कुणी तिकडं बस म्हटलं नव्हतं. म्हातारे पाद्री मायदेशी परतले, हे नवे आले. आता यांनीही तेच म्हटलं होतं.

दुपारी लेकरं निंबाखाली निजली तशी तिनं शकुनला चरखीवरून उठवून त्यांच्यापाशी बसवलं, शालूला कडेवर घेतलं आणि पाद्रीसाहेबांचा बंगला गाठला.

पाद्रीसाहेब वऱ्हांड्यात लिहीत बसले होते. माणूस वाईट नव्हता. आल्यापासून सहा महिन्यांत त्यांनी पुस्तकावरून मराठी शिकून घेतली होती, आणि ती ऐकून अमरावतीच्या माणसांना आपण एखाद्या शास्त्र्यासमोर उभे आहोत असं वाटे.

"बाई, मी मुलांचा द्वेष करीत नाही," ते म्हणाले. "परंतु उपासना म्हणजे बाजार नव्हे. माझ्या गावी उपासनेच्या वेळी घड्याळाची टिकटिक ऐकू येत असे. येथे लोक द्वारात उभे राहून हसतात. एक मनुष्य म्हणाला, येथे पाळणे टांगा."

"तो तं बरोबरच बोलला, सायेब."

पाद्रीसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

"लेकरं गप बसली तं चालतीन ना?" तिनं विचारलं.

"इतकी लहान मुलं गप्प बसत नाहीत."

"माह्यी बसतीन. तीन आयतवार द्या मले. तिसऱ्या आयतवारी नत्थूचा बाप्तिस्मा हाये, तोवर. येक बी लेकरू रडलं, तं मीच त्याईले घेऊन पडवीत बसतो. जनमभर."

ते कबूल झाले. बोलणं संपलं तरी ती उभीच, म्हणून त्यांनी विचारलं, आणखी काही? "नाई," ती म्हणाली, "शालू तुमच्या दौतीकडं पाहून राहिली, ते पाहत होती." पाद्रीसाहेबांनी शालूला दौत दाखवली. शालूनं बोट बुडवलं. निळं बोट घेऊन दोघी परत निघाल्या.

वाटेत मात्र जयवंताबाई हिशेब करायला लागली. शब्द तर देऊन झाला, आता सात लेकरं दीड तास गप्प ठेवायची कशी? उपासनेला येणाऱ्या मंडळीतली तेवढी होती. एकाला दात येत होते, एकीला मांडीवरून उतरायचं असे, आणि शालू प्रत्येक आमेन सगळ्यांच्या मागून, एकटी, मोठ्यानं म्हणे. इतकी सवय झाली होती की आमेन झालं की मंडळी क्षणभर थांबायची, शालूचा यायची वाट बघत. पाद्रीसाहेबसुद्धा थांबायचे, आपण थांबतो हे त्यांना ठाऊक नसलं तरी.

आवारात ती परतली. निंबाखाली सगळी लेकरं ओळीनं झोपलेली. शंभर चरख्यांची करकर, गाडीवानांची भांडणं, बैलांचं हंबरणं, आणि त्या सगळ्यात ती कशी निवांत पडली होती. जयवंताबाईनं कमरेची डबी चाचपली. उत्तर तिच्या कमरेलाच होतं.

डबीत अफू असे. आज आपल्या अंगावर काटा येतो, पण तेव्हा कामावर जाणाऱ्या बाईच्या घरी तेल-मिठासारखीच ही डबी असायची. मोहरीएवढी गोळी नखाच्या टोकावर घ्यायची आणि दुधाबरोबर लेकराच्या तोंडात, आत टाळूला लावायची. दुपार निघून जाई. आया स्वतः देत, आया देत नसत तेव्हा जयवंताबाई देई. तिला त्यात वावगं वाटलं नाही. लेकरं आत राहावीत आणि त्यांच्याबरोबर आपणही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सहा दिवस जे कापसासाठी चालतं, ते सातव्या दिवशी देवासाठी का चालू नये?

पहिल्या रविवारी तिनं पडवीतच एकेकाच्या टाळूला बोट लावलं आणि मग सगळ्यांना आत नेलं. पहिल्या गीताच्या शेवटी लेकरं पेंगायला लागली, उपदेश सुरू होईपर्यंत सातही झोपली. दारातली माणसं थोडा वेळ थांबली आणि गंमत नाही म्हणून निघून गेली. पाद्रीसाहेबांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा मागच्या भिंतीपर्यंत नीट पोचला. आमेन झालं. मंडळी थांबली. पाद्रीसाहेब थांबले. काहीच आलं नाही, तेव्हा ते किंचित गोंधळून पुढे गेले.

दुसऱ्या रविवारी त्यांनी वेदीपाशी उभं राहून सांगितलं की जयवंताबाईनं लेकरांना देवाच्या घरात कसं बसावं ते शिकवलं आहे, सर्व मातांनी तिचं अनुकरण करावं. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. जयवंताबाईनं पदर पुढे ओढून घेतला, पण त्याआड ती हसत होती. बाहेर आल्यावर शेषराव म्हणाला, "काय जादू केलीत, मावशी?"

"जादू कशाची. वय झालं माह्यं याच्यातच."

त्या दिवशी शालू जागी झाली ती दिवेलागणीला. डोळे चोळत ती चुलीपाशी येऊन बसली.

"आजी, देवाचं झालं काय?"

"झालं न माय, सकाळीच."

"मी होती काय तिथं?"

जयवंताबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं. "होती ना व," ती म्हणाली. "माह्याच मांडीवर होती."

"मले काहून नाई दिसलं मंग?"

तिनं शालूला गरम भाकरीचा पोपडा काढून दिला. पण भाकऱ्या थापताना त्या दिवशी दोनदा तिचा हात थांबला.

तिसरा रविवार उजाडला तो नत्थूचा. शकुनची आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. हा झाला तेव्हा सासूनं जन्मतःच त्याचं नाक टोचून त्यात नथ घातली, मुलगी समजून मरणानं पुढे जावं म्हणून, आणि त्यावरून नाव नत्थू. पाद्रीसाहेबांनी नथ काढायला लावली, पण नाव राहू दिलं. नाकाचं भोक तेवढं उरलं होतं. नवीन झबलं, काजळाशिवायचे डोळे, आणि बाप शालिकराम इतका ताठ बसलेला की जणू बाप्तिस्मा त्याचाच.

पडवीत जयवंताबाईनं इतर लेकरांबरोबर नत्थूच्याही टाळूला बोट लावलं. तो नेहमीसारखं बोटाला चावला नाही, आधीच पेंगुळलेला होता. पहाटे लवकर उठवला असेल, असं तिला वाटलं.

वेळ आली. शकुन पुढे गेली आणि तिनं लेकरू पाद्रीसाहेबांच्या हातांत दिलं. पितळी कटोऱ्यात रात्रभर उघड्यावर राहिलेलं विहिरीचं पाणी. पौषातलं पाणी, बोट घातलं तर कळ यावी असं. पाद्रीसाहेबांनी नत्थूला एका हातावर पेललं आणि दुसऱ्या हातानं पाण्याची पहिली धार त्याच्या डोक्यावर सोडली. नत्थू हलला नाही. दुसरी सोडली. पाणी कपाळावरून डोळ्यांच्या खाचेत साचलं आणि कानात उतरलं. तिसरी सोडली.

"किती शांत बालक," पाद्रीसाहेब हळूच म्हणाले, आणि मंडळीत सगळ्यांचे चेहरे उजळले. शकुनचाही.

तिसऱ्या रांगेत खांबापाशी जयवंताबाई बसली होती. तोंड पुसलं तरी आवार डोक्यावर घेणारं हे पोर. ती उठली. मांडीवरची शालू सतरंजीवर घसरली. पाद्रीसाहेब शेवटची प्रार्थना म्हणत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि जयवंताबाई माणसांमधून पाय टाकत पुढे गेली.

"थांबा," ती म्हणाली, आणि पाद्रीसाहेबांच्या हातांतून लेकरू काढून घेतलं.

तिनं त्याची पापणी वर केली. डोळ्यातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. श्वास होता, पण दोन श्वासांच्या मध्ये ती वाट बघत राहिली इतका वेळ जात होता.

"शकुन, तू देली काय याले? घरी?"

"रडू नाई म्हणून," शकुन म्हणाली. "येकच देली." मग तिला कळलं. "तुमी बी देली?"

जयवंताबाई लेकरू घेऊन अंगणात धावली होती. मागोमाग सगळी मंडळी आली.

अशी एक वेळ तिनं पूर्वी पाहिली होती, आवारात, एका मुलीची. काय करायचं ते तिला माहीत होतं. पाणी, कांदा, आणि झोपू द्यायचं नाही. काही झालं तरी झोपू द्यायचं नाही. तिनं नत्थूला उभा धरला, तळपायांवर चापट्या मारल्या, मानेवर पाणी ओतलं. मग वर बघितलं तर सगळी मंडळी भोवती उभी, हात जोडून, एकदम चुपचाप.

"गप काहून उभे राहिले?" ती म्हणाली. "आवाज करा. गा, ओरडा, काई बी करा. याले झोप लागू देऊ नका."

तरी कुणी हललं नाही. तीन रविवार गप्प बसायची सवय लागली होती. मग शेषरावानं घसा साफ केला आणि गीत सुरू केलं. त्याचा आवाज गाण्याजोगा नव्हताच. शालिकरामनं टाळ्या धरल्या. आणि मग पाद्रीसाहेबांनी हातातला बाप्तिस्म्याचा कटोरा उपडा केला, खिशातून प्रार्थनाघराच्या कुलपाची मोठी लोखंडी किल्ली काढली आणि कटोऱ्यावर ठण ठण वाजवायला लागले. लांब काळा झगा, भिजलेल्या बाह्या, आणि नत्थूच्या कानापाशी वाकून वाजवत होते.

आवाज ऐकून फाटकाशी माणसं जमली. आधी हसली. मग कुणीतरी विचारलं, काय झालं, आणि कुणीतरी सांगितलं, लेकराला अफू जास्त झाली. हसू तिथंच थांबलं. अफू काय करते ते त्या गर्दीत सगळ्यांनाच माहीत होतं. एका माळणीनं पाटीतला कांदा दगडावर फोडून आत पाठवला. रामराव गाडीवान आपल्या गाडीकडे गेला आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडवून घेऊन आला.

"सरका," तो म्हणाला. "या आवाजानं माहे बैल झोपत नाईत, हा कुठं झोपते."

पाद्रीसाहेबांच्या पत्नीनं कडक काळी कॉफी करून आणली आणि चमच्यानं थेंब थेंब पाजली. अर्धी ओघळली. शकुन, तिचा नवरा, जयवंताबाई, पुन्हा शकुन, असं लेकरू हातांतून हातांत फिरत राहिलं. अंगणात गीत, घुंगरू, कटोरा, टाळ्या. सतरंजीवर झोपलेली बाकीची सहाही लेकरं त्या कल्लोळानं एकेक करून उठली आणि झोकांड्या खात पायरीवर येऊन बसली. नत्थूनं मध्येच डोळे उघडले, मिटले. कांद्यानं एकदा शिंकला. जयवंताबाई त्याच्या तळपायांवर टिचक्या मारत होती आणि सारखी म्हणत होती, "रड बापा. रड ना रे. काल एवढा रडला."

सूर्य डोक्यावरून कलला, पडवीची सावली पायरीवर आली, आणि नत्थूनं ओठ काढले. आधी नुसतेच ओठ. मग जो सूर लावला तो प्रभुभोजनाच्या दिवशीचा, अगदी तोच.

तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. रामरावानं घुंगरमाळ मुठीत घट्ट धरली. पाद्रीसाहेबांची किल्ली हवेतच राहिली. अंगणात नत्थूच्या रडण्याखेरीज काही ऐकू येत नव्हतं, आणि कुणी त्याला उगी कर म्हणत नव्हतं.

पाद्रीसाहेबांनी त्या रडण्यातच देवाचे आभार मानले, चार वाक्यांत, आणि आमेन म्हटलं. मंडळीनं म्हटलं. क्षणभर गेला. मग पायरीवरून, एकटीचं, जाड जिभेनं, "आमेन."

पाद्रीसाहेबांनी वळून बघितलं. "शालू," ते म्हणाले, "मागले दोन रविवार तुझं आमेन कोठे गेलं होतं?"

शालूनं तोंड उघडलं, पण जयवंताबाई आधी बोलली.

"मी झोपवली होती तिले. तिलेच नाई, सगळ्याईले. तिन्ही आयतवार." तिनं कमरेची डबी काढली आणि पायरीवर, पाद्रीसाहेबांच्या पायाशी ठेवली. "शिकवलं-बिकवलं काई नाई, सायेब. हे होतं."

शेषरावानं मान खाली घातली. शकुननं लेकरू छातीशी घेतलं आणि जयवंताबाईकडे बघितलं. रागानं की कशानं, ते सांगता येत नाही. मग सरकून तिनं पायरीवर तिच्यासाठी जागा केली. जयवंताबाई बसली नाही.

पाद्रीसाहेब पायरीवर टेकले. त्यांनी ती डबी उचलून तळहातावर घेतली.

"त्या शांततेविषयी मी माझ्या गावी पत्र लिहिलं," ते म्हणाले. "लिहिलं की इतकी सुंदर उपासना मी आजवर पाहिली नव्हती." त्यांची पुस्तकी मराठी पहिल्यांदाच अडखळली. "मी तुम्हांला विचारलंसुद्धा नाही, बाई, की तुम्ही हे कसं करता."

नत्थू अजून हुंदके देत होता.

"बोली झाली होती आपली," जयवंताबाई म्हणाली. "लेकरू रडलं तं मी पडवीत. रडलं. मी बसतो पडवीत, जनमभर, त्याले काई म्हननं नाई माह्यं. निंबाखाली बी आता ही डबी नाई. रडतीन तं रडतीन, पाहून घेईन मी. पन येक मागतो तुमाले."

"काय?"

"लेकरं आत येऊ द्या, सायेब. जागी."